खून नेमका कसा झाला?

१९६२ साली फ्रान्स्वा त्र्युफोने हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तीत ‘द पॅराडाइन केस’चा विषय निघाला, तेव्हा हिचकॉकने एक अजब कबुली दिली. त्या घरात कोण कुठल्या खोलीतून कुठे गेलं, पर्यायाने खून नेमका कसा झाला, हे त्याला स्वतःलाच कधी नीट कळलं नव्हतं! रहस्यपटाच्या दिग्दर्शकाची ही अवस्था, तर प्रेक्षकांची काय कथा.

चित्रपट १९४७ चा. आंधळ्या, श्रीमंत कर्नल पॅराडाइनचा वाइनमधून विष देऊन खून झालाय. आरोपी त्याची देखणी परदेशी बायको (अलिदा वाल्ली). तिचा वकील अँथनी कीन (ग्रेगरी पेक) तिच्या प्रेमात पडतो आणि तिला सोडवण्यासाठी कर्नलचा नोकर लातूर याच्यावर संशय ढकलतो. पुढे काय होतं ते सांगितल्याशिवाय या पटकथेबद्दल बोलताच येणार नाही, तेव्हा ज्यांना पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. बाईचं प्रेम लातूरवरच असतं. तो आत्महत्या करतो, ती भर कोर्टात गुन्हा कबूल करते आणि कीनचा तिरस्कार वाटतो असंही सुनावते.

बीज जबरदस्त आहे. पण ते हाताळलं निर्माता डेव्हिड सेल्झनिकने. रॉबर्ट हिचन्सची ही कादंबरी १९३३ ची. सेल्झनिक एमजीएममध्ये होता तेव्हापासून, ग्रेटा गार्बोला डोळ्यासमोर ठेवून, ती त्याच्या डोक्यात होती. हिचकॉकची बायको आल्मा रेव्हिल, नाटककार जेम्स ब्रायडी, बेन हेक्ट असे एकेक हात फिरले. शेवटी पटकथेवर नाव लागलं सेल्झनिकचं. तो प्रसंग लिहून सेटवर पाठवायचा आणि हिचकॉक ते चित्रित करायचा. ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘रेबेका’ यांना ओळीने ऑस्कर मिळवून देणारा हा माणूस. आपलं लिखाण फसलंय, हे पगार देणाऱ्याला कोण सांगणार?

पैसा मात्र पाण्यासारखा वाहिला. खर्च चाळीस लाख डॉलरच्या घरात. लंडनच्या ‘ओल्ड बेली’ कोर्टाची हुबेहूब प्रतिकृती हॉलिवूडमध्ये उभी राहिली आणि तिथे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रण झालं.

त्या कोर्टातला एक शॉट विसरता येत नाही. लातूर साक्षीसाठी आत येतो. कॅमेरा आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईच्या चेहऱ्यावर. तो तिच्या पाठीमागून जातो, ती वळून पाहत नाही, पण त्याची चाहूल तिला लागलेली आपल्याला दिसते. एकही शब्द नाही. असं चित्रपटभर का नाही, याचं उत्तर पानापानात आहे: कीन प्रेमात पडलाय हे त्याची बायको बोलून दाखवते, मित्राची मुलगी बोलून दाखवते. जे नजरेतून कळायला हवं, ते शब्दांत सांगून टाकलंय.

लातूरच्या भूमिकेत लुई जूर्दां होता. देखणा, सुसंस्कृत. हिचकॉकच्या मते तिथे शेणाचा वास येणारा, रांगडा मोतद्दार हवा होता, रॉबर्ट न्यूटनसारखा. खरं आहे. कीनने जिला देवी मानलं ती अशा माणसासाठी वेडी होती, हा धक्काच कथेचा गाभा. जूर्दां समोर आल्यावर धक्का कसला? कोणीही म्हणेल, बरोबरच आहे की.

पटकथा एका ठिकाणी मात्र अचूक आहे. न्यायमूर्ती हॉरफिल्ड (चार्ल्स लॉटन) आणि त्याची भेदरलेली बायको (एथेल बॅरिमोर). ती आरोपीसाठी दयेची याचना करते आणि तो जेवणाच्या टेबलावर, अक्रोडाच्या वळ्या माणसाच्या मेंदूसारख्या दिसतात, असं काहीतरी बोलत राहतो. त्या दोन मिनिटांत एका लग्नाचा सगळा इतिहास आहे. मूळ चित्रपट तीन तासांच्या आसपास होता; सेल्झनिकने कापाकापी केली. बॅरिमोरच्या वाट्याला थोडकंच उरलं, तरी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

चित्रपटाने खर्चही वसूल केला नाही. सेल्झनिकबरोबरचा हिचकॉकचा करार इथेच संपला. त्याने सिडनी बर्नस्टाइनबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि १९४८ साली ‘रोप’ आला: जवळजवळ अख्ख्या रिळाएवढे लांबलचक शॉट्स. तंत्राची हौस म्हणून त्याकडे पाहतात. मला मात्र वाटतं, जिथे कात्री घालायला जागाच नाही असा चित्रपट त्याला एकदा करून बघायचा होता.