चांद्याचा दफ्तरखाना

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन 1854 मध्ये चांदा (आजचा चंद्रपूर) मुलूख इंग्रजी अमलाखाली आला आणि पुढल्या दशकात मेजर ल्युसी स्मिथ यांनी जिल्ह्याचा जमीन-बंदोबस्त पार पाडला, तेव्हापासून वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील वस्त्यांचे जे हक्क तोवर म्हाताऱ्यांच्या तोंडी होते ते कागदावर चढू लागले. नकाशा, खसरा, जमाबंदी यांच्या सोबतीला वाजिब-उल-अर्ज नावाचा एक दस्तऐवज असे. सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत, वाट कोणत्या शेतातून जावी, ही सारी वहिवाट त्यात नमूद केली जाई. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तरी हा मजकूर निस्तार-पत्रकाच्या रूपाने टिकला, आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तो मान्य केला.

मात्र या कागदांची मिसल राही दफ्तरखान्यात, मौजेवार बस्त्यांत बांधलेली. नक्कल हवी असेल तर तिकीट लावून अर्ज करावा. मग कारकुनाने बस्ता सोडावा, मिसल काढलेल्या जागी चिठ्ठी ठेवावी, आणि कागद कोणी, कधी, कशासाठी नेला याची नोंद वहीत करावी, असा रिवाज होता. ती चिठ्ठी हरवली की मिसलही हरवलीच समजावी! दफ्तराची खरी राखण कुलपापेक्षा या नोंदीनेच होई. पण नजर ठेवली जाई ती कागद मागणाऱ्यावर. ज्याच्या चराईचा तो कागद, त्या रानातल्या गोंडाला वही पाहण्याची सोय नव्हती, आणि तालुक्याच्या गावी पायी येऊन नक्कल काढणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे होते.

26 ऑगस्ट 1982 रोजी याच मुलखातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल आणि निस्ताराच्या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य ठरल्या, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या दफ्तराला सरकार केवळ महसुलाची खतावणी समजत होते, ते गावाच्या बाजूचे साक्षीदार निघाले.

आता अभिलेख सर्व्हरवर चढले आहेत. 2018 पासून सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. नेटवर्कवरील सामायिक फायलींवर देखरेख ठेवणारी यंत्रणा जुन्या कारकुनाचेच काम करते: कोणत्या खात्याने कोणती फाईल उघडली, कोणी बदलली, एकाच वेळी किती जण जोडले गेले आहेत, सेवा चालू आहे की बंद पडली, हे सारे ती टिपून ठेवते. चिठ्ठीसारखी ही नोंद सहजासहजी गहाळ होत नाही, परंतु ती पाहण्याचा अधिकार अजूनही कचेरीच्याच हाती आहे. गावाच्या अभिलेखाला कोणी हात लावला, हे त्या गावच्या ग्रामसभेला मागितल्यावर दिसले पाहिजे, आणि त्यासाठी जिल्हा प्रशासनाने ही नोंदवही आपणहून खुली करावी.