लाकेनचे फादर कार्डाइन व कामकरी तरुणांची चळवळ

महोत्सवी अंकात आपल्याच मंदिराचा व आपल्याच वाडवडिलांचा वृत्तान्त वाचावयास मिळावा, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तच आहे. तथापि ह्या पृष्ठांवर आम्ही वाचकांस थोडा वेळ बेल्जियम देशातील एका धर्मग्रामात नेऊ इच्छितो. गरीब तरुणांतून पुढारी कसे निर्माण करावे आणि त्या पुढाऱ्यांनी आपल्या बांधवांचे गाऱ्हाणे मालकापुढे व सरकारदरबारी कसे मांडावे, हा प्रश्न तेथे मोठ्या चिकाटीने सोडविला गेला. आणि तो सोडविणारा मनुष्य कोणी मंत्री अथवा विद्वान नव्हे, तर एक साधा सहायक धर्मगुरू होता.

जोसेफ कार्डाइन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८८२ रोजी ब्रुसेल्सनजीक स्कारबेक येथे झाला; बालपण हाले गावी गेले. घरची स्थिती बेताची. जोसेफने धर्मगुरू होण्याची इच्छा दर्शविली तेव्हा पित्याने अधिक कष्ट उपसण्याचे पत्करले. सेमिनरीतून सुट्टीत घरी आल्यावर मात्र त्यांस एक विलक्षण अनुभव आला. शाळेतील जुने सोबती आता कारखान्यात जात होते व ते त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात. काळा झगा अंगावर चढणार, म्हणजे हा आता धनिकांच्या पक्षाचा झाला, असे त्यांस वाटे. सेमिनरीचे दार व कारखान्याचे दार ह्यांत एवढे अंतर पडले होते! १९०३ साली पित्याचे निधन झाले. त्या मृत्युशय्येशी कार्डाइन ह्यांनी आपले आयुष्य कामकरी वर्गास वाहण्याची शपथ घेतली, आणि १९०६ साली त्यांची गुरुदीक्षा झाली.

त्या वेळी पवित्र पिता तेरावे लिओ ह्यांचे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध होऊन पंधरा वर्षे झाली होती. योग्य मजुरी, संघ स्थापण्याचा हक्क, दुर्बलांच्या रक्षणाचे राज्याचे कर्तव्य, हे सर्व त्यात स्पष्ट होते. परंतु परिपत्रक लॅटिनमध्ये, आणि बारा-तेरा वर्षांचे पोर यंत्रापुढे! बेल्जियमच्या १८८९ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांस कारखान्यात घेण्यास बंदी होती. शाळा सक्तीची करणारा कायदा तर १९१४ साली झाला. शाळा सुटली की मूल एकदम प्रौढांच्या घोळक्यात जाऊन पडे व तेथे त्याचे शरीर आणि श्रद्धा दोन्ही झिजत. मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा ज्या घरांनी ऐकला आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको.

१९११ साली कार्डाइन इंग्लंडास गेले व लंडन बंदरातील १८८९ च्या संपाचे पुढारी बेन टिलेट ह्यांस भेटले. कॅथलिक धर्मगुरूने समाजवादी पुढाऱ्याकडे शिकावयास जावे हे त्या काळी सर्वांस रुचण्याजोगे नव्हते. आम्हांस मात्र त्यात त्यांचा मोठेपणाच दिसतो. १९१२ साली लाकेनच्या धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली आणि तेथे त्यांनी आरंभ केला तो शिवणकाम करणाऱ्या मुलींपासून. महायुद्धात जर्मनांनी बेल्जियन कामकऱ्यांस सक्तीने हद्दपार केले, त्याचा निषेध केल्यावरून त्यांस तुरुंगवास घडला. १९१८ मध्ये पुन्हा अटक झाली. युद्ध संपताच १९१९ साली फर्नान टोने, पॉल गार्से व जाक मेर्त ह्या तिघा तरुणांसह त्यांनी कामकरी तरुणांचा संघ काढला.

त्यांची कार्यपद्धती तीन क्रियापदांत सांगतात: पाहणे, पारखणे, करणे. शब्द सोपे आहेत. त्यांमागील श्रम सोपे नाहीत. दर आठवड्यास थोडे सभासद एकत्र बसत. प्रत्येकाने आपापल्या कामाच्या ठिकाणची हकीगत चौकशी करून आणावयाची. कितव्या वर्षी कामास लागलास? पहिल्या दिवशी काम कोणी शिकविले? मजुरी किती? आजारी पडल्यास काय होते? अशा स्वरूपाचे ते प्रश्न असत. मग ती हकीगत शुभवर्तमानाच्या कसोटीस लावावयाची: देवाने ह्या तरुणास ज्यासाठी निर्मिले त्यास हे शोभते काय? आणि शेवटी, ह्याच आठवड्यात आपण काय करणार? नवख्या मुलास सोबत करणे, आजाऱ्याच्या घरी जाणे, ह्यांपासून प्रारंभ होई. मग मालकाकडे मागणी, मजूर संघाकडे दाद. शाळेतून कामावर जाताना होणारी परवड, आरोग्य, मजुरी, नीतिमत्ता ह्यांविषयी ठिकठिकाणच्या मंडळांनी गोळा केलेली माहिती एकत्र झाली म्हणजे ती अधिकाऱ्यांपुढे ठेविता येई. पोकळ तक्रार बाजूस सारता येते. शेकडो कारखान्यांतून आणलेली उत्तरे बाजूस सारणे कठीण.

ह्यात धर्मगुरूचे स्थान कोणते? ते मागच्या बाकावर. सभा तरुणाने चालवावयाची, टिपण तरुणाने लिहावयाचे, मालकापुढे तरुणानेच उभे राहावयाचे. धर्मगुरूने त्यांचे अंतःकरण घडवावे, त्यांच्या वतीने बोलू नये. ही गोष्ट सांगण्यास सोपी, पण ज्यांस व्यासपीठाची सवय आहे त्यांस आचरण्यास फार अवघड. आमच्या मते कार्डाइन ह्यांचे खरे धैर्य कोठे असेल तर येथेच.

विरोध घरातूनच आला. बेल्जियममध्ये कॅथलिक तरुणांची एक मोठी संस्था आधीच होती व तिची सूत्रे शिकलेल्या घरांतील तरुणांच्या हाती होती. कामकऱ्यांचा संघ निराळा का, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांत वर्गभेद का आणता, असा तिचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कार्डिनल मर्सिये ह्यांच्याही मनात शंका होती. परंतु एकत्र सभेत नेहमी कोण बोलतो व कोण गप्प बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास कार्डाइन ह्यांचे म्हणणे पटेल. १९२४ साली संघाने 'ख्रिस्ती कामकरी तरुण' हे नाव धारण केले, व मार्च १९२५ मध्ये कार्डाइन थेट रोमला गेले. पवित्र पिता अकरावे पायस ह्यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि आशीर्वाद दिला. एप्रिलमध्ये ब्रुसेल्सला पहिली राष्ट्रीय परिषद भरली.

पुढील विस्तार शीघ्र झाला. १९२७ साली फ्रान्समध्ये चळवळ सुरू झाली. १९३५ च्या ब्रुसेल्स येथील दशवार्षिक मेळाव्यास लाखाच्या घरात तरुण जमले. दुसऱ्या महायुद्धात मात्र किंमत द्यावी लागली. १९४२ मध्ये कार्डाइन पुन्हा तुरुंगात गेले. टोने व गार्से हे दाखाऊच्या छळछावणीत १९४५ च्या आरंभी, मुक्ततेस थोडेच महिने उरले असता, मरण पावले. ज्या तिघांसह आरंभ केला त्यांतील दोघे असे गेले.

१९५७ साली रोममध्ये नाना देशांचे सुमारे ३२,००० कामकरी तरुण एकत्र आले. १९६१ साली पवित्र पिता तेविसावे जॉन ह्यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' ह्या परिपत्रकात पाहणे, पारखणे, करणे ही रीत सामाजिक शिकवण आचरणात आणण्यासाठी शिफारसिली. लाकेनच्या खोलीतील ती तीन क्रियापदे अशा रीतीने अखिल ख्रिस्तसभेची झाली. १९६५ साली सहावे पॉल ह्यांनी कार्डाइन ह्यांस कार्डिनल केले. त्या वेळी ते ८२ वर्षांचे होते. २४ जुलै १९६७ रोजी लूवेन येथे त्यांचे देहावसान झाले. लाकेनच्या पवित्र मरियेच्या मंदिरात बेल्जियमच्या राजघराण्याचे दफनगृह आहे. त्याच मंदिरात, जेथे ते १९१२ साली सहायक म्हणून आले होते, तेथे त्यांस मूठमाती देण्यात आली.