कराची–मुंबई हवाई मार्ग

कराची–मुंबई हवाई मार्ग : भारतातील नियमित हवाई टपालवाहतुकीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा मार्ग. कराची व मुंबई यांमधील सरळ हवाई अंतर सु. ८७० किमी. आहे. अहमदाबादमार्गे ते सु. १,०३० किमी. भरते. अंतर कायम राहूनही प्रवासाचा काळ मात्र विमानांचा पल्ला, धावपट्ट्यांची स्थिती आणि राजकीय परिस्थिती यांनुसार बदलत गेला.

इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू केली. त्यामुळे विलायतेचे टपाल कराचीपर्यंत विमानाने येऊ लागले. तथापि मुंबई व मद्रासकडे ते पुढे रेल्वेनेच पाठवावे लागे आणि हवाई वाहतुकीने वाचलेला बराचसा वेळ वाया जाई. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने टाटा उद्योगसमूहापुढे मांडली. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा (१९०४–९३) यांनी तिचा पाठपुरावा केला. १९३२ मध्ये सरकारशी करार झाला. मात्र सरकारी अर्थसाहाय्य मिळाले नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास एक इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून उड्डाण केले. विमानात सु. २५ किग्रॅ. टपाल होते. कच्छचे रण ओलांडून विमान अहमदाबादला उतरले. तेथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल त्यात भरण्यात आले. दुपारी दोनच्या सुमारास ते मुंबईतील जुहू येथे पोहोचले. मुक्काम धरून या प्रवासास सु. सात तास लागले. पुढे व्हिन्सेंटने हे टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

त्या काळी वैमानिकाला रेडिओचे किंवा दिशादर्शक साधनांचे साहाय्य नव्हते; जमिनीवरील खुणा व होकायंत्र यांवरच त्याची भिस्त असे. जुहूची भूमी सखल व दलदलीची असल्याने पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई; त्यामुळे मुंबईचे काम पुण्याहून चालवावे लागे. या सेवेतूनच पुढे टाटा एअर लाइन्स व १९४६ मध्ये एअर-इंडिया ही कंपनी उदयास आली. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले.

१९४७ च्या फाळणीनंतर हा देशांतर्गत मार्ग आंतरराष्ट्रीय बनला. जेट विमानांमुळे उड्डाणकाळ सु. दीड तासावर आला. तथापि मार्गाचे सातत्य टिकले नाही. १९७१ च्या युद्धामुळे खंडित झालेला दोन्ही देशांमधील हवाई संपर्क १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी टाटांनी वयाच्या ७८ व्या वर्षी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून हाच प्रवास पुन्हा एकट्याने केला. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपापले हवाई क्षेत्र बंद केले. ज्या मार्गावर १९३२ मध्ये साध्या विमानाने सकाळी निघालेले टपाल दुपारी पोहोचले, तेथे यंत्राची गती वाढूनही अंतर वाढल्यासारखे झाले. दोन विमानतळांमधील अंतर केवळ मैलांनी व तासांनी मोजता येत नाही, हे या मार्गाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.