विजयदुर्गाची बुडालेली भिंत

लखनौच्या बड्या इमामबाड्यातली शाही बावली दाखवताना गाइड हमखास एक गोष्ट सांगतो: खजिन्याच्या किल्ल्या इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून नवाबाच्या मुनिमाने त्या घेऊन इथे उडी मारली. बावलीचे खालचे मजले पाण्याखाली आहेत, त्यामुळे गोष्ट खोडायलाही कुणी जात नाही. ती ऐकताना मला विजयदुर्ग आठवतो.

विजयदुर्गाचीही अशीच आख्यायिका. समुद्रात बुडालेली भिंत आहे आणि शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटत. फरक एवढाच, की इथे माणसं खाली उतरली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना किल्ल्याजवळ समुद्रतळाशी जांभ्याची भिंत आढळली: सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद.

हे काम सोपं नाही, हे मला मालवणला कळलं. तोंडात स्नॉर्केलची नळी धरून मी सिंधुदुर्गाजवळच्या खडकांवर तरंगत होतो. खाली सगळ्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, कपारींतून मासे ये-जा करत होते. त्या थराखालचा दगड निसर्गाचा की गवंड्याचा, हे वरून सांगता येईना. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली ती याच खडकांच्या भरवशावर. वाट माहीत असलेल्या तांडेलालाच इथून होडी काढता येते.

म्हणजे विजयदुर्गाची भिंत खरी. पण तिच्यावर जहाजं फुटली, हे त्या मापांतून सिद्ध होत नाही. उलट फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार थेट किल्ल्यापर्यंत आलं. त्याच्या तोफगोळ्यांनी पेटलेल्या आगीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. जमिनीवर क्लाइव्हची फौज होती, आणि इंग्रजांशी हातमिळवणी केलेले नानासाहेब पेशव्यांचे सैन्यही होतं.

आज तारकर्ली-मालवणला डायव्हिंगसाठी रांगा लागतात. होडीत भिंतीची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, १७५६ ची नाही. त्या आगीत मराठ्यांचं सर्वांत बलाढ्य आरमार गेलं, आणि ते बुडवायला मराठ्यांचाच हात लागला. हे कळायला समुद्रात उतरावं लागत नाही. कदाचित म्हणूनच आपण भिंतीबद्दल जास्त बोलतो.