राबीविना चाललेली प्रार्थना

धर्म म्हटला की पुरोहित आलाच, असे आपण धरून चालतो. यहुदी समाजाचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

एके काळी जेरुसलेमला यहुद्यांचे मोठे मंदिर होते. तेथे बळी अर्पण करण्याचा अधिकार कोहेन घराण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळले, बळी बंद पडले. राहिली ती प्रार्थना. कोहेनांना काही मान आजही आहेत, पण प्रार्थना चालवण्याचा मक्ता कुणाकडेच नाही. परंपरेचा नियम असा की, तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते. या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. त्यांच्यापैकी ज्याला हिब्रू प्रार्थना नीट येते, त्याने पुढं उभं राहायचं. राबी म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित. तो नसला म्हणून काम अडत नाही. नऊ राबींनी मिन्यान होत नाही, दहा मोच्यांनी होतं, अशी त्यांच्यात म्हणच आहे.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आपल्या कोकणातले बेने इस्रायल पाहा. तेलघाणी चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्यात ना राबी होता, ना प्रार्थनामंदिर. शब्बाथ, उपवास, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला. दावीद राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांच्यातीलच तिघांना शिकवून तयार केले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेच त्यांचे काजी.

मुंबईत १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर उभारले ते सामुएल दिवेकर यांनी. तेही राबी नव्हते, कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते! पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. पेशाने ते शिक्षक. मराठी बोलणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो आहोत हे कळू लागलं, हे काम लहान नव्हे.

पण याची किंमतही मोजावी लागली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल हळूहळू इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य राबींनी १९६०च्या सुमारास शंका काढली की, राबी नसलेल्या या समाजाचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील काय? लग्नासाठी पिढ्यांची चौकशी लागू झाली. ज्यांनी कुणाच्याही आधाराविना धर्म राखला, त्यांनाच पुरावा मागितला गेला. समाजाने जेरुसलेमला धरणे धरले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानावे असा कौल दिला, आणि राबींना माघार घ्यावी लागली.

आज कोकणातल्या प्रार्थनामंदिरांतून दहा माणसं जमवणं कठीण झालं आहे. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये मिन्यानमध्ये स्त्रियांनाही मोजण्याची मुभा दिली. जुन्या वळणाच्या मंडळींत ती नाही. मात्र एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. ज्याला येतं त्याने पुढं होऊन म्हणावं, आणि ज्याला येत नाही त्यानेही वेळेवर येऊन बसावं, कारण दहावा तोच असतो. बेने इस्रायलांचा धर्म अशाच माणसांनी राखला.