मुलाचे टॉन्सिल काढायचे का? आधी वहीत मोजा

डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा बघितला आणि 'टॉन्सिल वाढलेत' म्हणाले, की घरात एकच चर्चा सुरू होते. आता ऑपरेशन करावं लागणार का?

नुसते वाढलेत म्हणून, नाही. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांचे टॉन्सिल मोठेच दिसतात आणि वय वाढेल तसे लहान होत जातात.

नुसतं बघून ठरवलं की काय होतं, हे न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. १,००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. 'ठीक आहेत' म्हणून सोडलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनी त्यातल्या ९९ जणांना सांगितलं. राहिलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तरी ५१ निघालीच!

म्हणून आता मोजतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब असा आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा आला, तर ऑपरेशनचा विचार करायचा. पण नुसती खवखव यात धरत नाहीत. घसादुखीबरोबर १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, मानेला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतूची तपासणी पॉझिटिव्ह, यातलं एक तरी हवं. यापेक्षा कमी त्रास असलेल्या मुलांना ऑपरेशनचा फायदा इतका थोडा होतो की त्यासाठी भूल आणि दुखणं सोसण्यात अर्थ नाही, असं पॅराडाइज यांच्याच २००२च्या अभ्यासात दिसलं.

खरी अडचण मोजण्याची आहे. खेड तालुक्यातलं निघोजे घ्या. महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने इथेच. कामासाठी आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोली बदलली की डॉक्टर बदलतो, आणि ताप आला की शिफ्ट सुटल्यावर जो दवाखाना उघडा असेल तिथे जायचं. प्रत्येक डॉक्टरसाठी ते दुखणं पहिलंच. 'सारखाच घसा येतो हो' एवढ्यावर कुणालाच नीट ठरवता येत नाही. त्यामुळे एक वही ठेवा. तारीख, ताप किती, डाग होते का, कोणतं औषध दिलं, शाळा किती दिवस बुडाली. मेडिकलची बिलंही त्यातच चिकटवा. (लहान मुलांची बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिक उपयोगी पडत नाही. पण स्ट्रेप्टोकोकस असेल तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करायचाच, नाहीतर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.)

झोपेचं मात्र वेगळं आहे, तिथे हा हिशेब लागत नाही. मूल रोज घोरतं, झोपेत श्वास अडकून दचकतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, दिवसा चिडचिड करतं किंवा पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय, तर घसा एकदाही आला नसला तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. 'बापावर गेलाय, घोरतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मोबाईलवर झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. तसंच एकाच बाजूचा टॉन्सिल झपाट्याने वाढत असेल किंवा तोंड उघडता येत नसेल, थुंकीही गिळता येत नसेल, तर थांबू नका.

दाखवायचं कुठे? पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआय कापला जात असेल, तर चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआयसी रुग्णालय आहे. ठेकेदाराकडचे कामगारही यात येतात, पगाराची स्लिप बघा.

ऑपरेशन ठरलंच, तर ते पूर्ण भूल देऊन होतं. दुखणं दहा-बारा दिवस राहतं, शाळा साधारण दोन आठवडे बुडते, म्हणजे आई किंवा वडील एकाचे खाडे धरून चाला. पाणी पाजत राहणं सगळ्यात महत्त्वाचं. रक्तस्रावाची भीती पहिल्या २४ तासांत असते आणि खपली सुटते तेव्हा, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, पुन्हा असते. तोपर्यंत मूल घरी आलेलं असतं. या दिवसांत गावी जाऊ नका. तोंडातून ताजं लाल रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता निघा. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी माहीतच आहे, तेव्हा रात्री कोणाची गाडी मिळेल हे आधीच विचारून ठेवा. नाहीतर १०८ला फोन करा.