पदाचे शीर्षक कोणते?

महाविद्यालयातील ध्वनिफितींची सूची संगणकावर चढवण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच रकान्यापाशी आम्ही अडखळलो. रकान्याचे नाव होते ‘शीर्षक’. आपल्या पदाला किंवा बंदिशीला रचनाकार सहसा वेगळे नाव देत नाही. आरंभीचे शब्द हीच तिची ओळख. मग ती ओळख पूर्ण कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे कुणी सोडवलाच नव्हता काय?

सोडवला होता. संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग आणि ताल लिहिलेले असत. पद एखाद्या प्रचलित गीतावर बेतलेले असेल, तर ‘चाल’ म्हणून त्या गीताचे आरंभीचे शब्द दिले जात. म्हणजे शीर्षकातच ऋणनिर्देश होता. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत बंदिशी रागवार लावल्या आहेत, आधी राग, मग ताल, शब्द त्यानंतर.

ध्वनिमुद्रिका आली आणि हा क्रम उलटला. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. मुद्रिका छापल्या जात जर्मनीतील हॅनोवरला. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ती गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारी, असे सांगतात. मुद्रिकेच्या मध्यावरील इवल्याशा गोल कागदावर गायकाचे नाव ठळक झाले. कवी आणि चालकार यांना तेथे अनेकदा जागाच मिळाली नाही. पुढे १९९६ मध्ये एमपी-थ्रीसाठी आयडी-थ्री ही नोंदपद्धती निघाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, आणि चालकाराला स्वतंत्र रकाना नाही.

याचे मोल आम्हाला एका विद्यार्थिनीमुळे कळले. तिने आमच्या सूचीत भास्करबुवा बखले यांचे नाव शोधले. उत्तर आले, शून्य. वास्तविक ‘नाथ हा माझा’ हे पद आमच्या संग्रहात होते. १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकातील हे पद खाडिलकरांचे, राग यमन, संगीत बखलेबुवांचे. सूचीत मात्र एकटे बालगंधर्व उरले होते. चूक यंत्राची नव्हती. रकाने आम्हीच भरले होते.

मग आम्ही सर्व नोंदी पुन्हा लिहिल्या. पदाचे आरंभीचे शब्द देवनागरीत, एकाच लेखनपद्धतीने; त्यापुढे राग, ताल, नाटक, कवी, चालकार आणि शेवटी गायक. एकच राग रोमन लिपीत कुठे एका, कुठे दुसऱ्या वळणाने लिहिलेला होता. तोही एकरूप केला. काम कंटाळवाणे होते, हे कबूल करायला हवे. परंतु सूची हाही इतिहासलेखनाचाच एक प्रकार आहे. ज्याला तिच्यात रकाना नाही, तो पुढच्या पिढीसाठी झालाच नव्हता असे ठरते. आमच्या पूर्वसूरींना हे ठाऊक असावे. म्हणून तर त्यांनी पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहिली.